तीन हातांची ग्रंथपाल

माझ्या कपाटात साड्यांखाली एक सीडी आहे. तिच्यावर मार्करनं लिहिलंय, 'माझा ग्रंथालयीन प्रवास'. ती लावायला आता घरात काही नाही, याचं मला बरंच वाटतं. नातवंडांना आजीचा पराक्रम बघायला मिळत नाही.

ऐंशीच्या दशकात, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागले. काय तो तोरा! चष्म्याचा नंबर जेमतेम पाव, पण त्याला साखळी लावून गळ्यात मिरवायचे. कुणी पुस्तक मागायला आलं की आधी तालिकेकडे बोट दाखवायचं, हा माझा नियम. तालिका म्हणजे लाकडी खणांचं कपाट. दर पुस्तकाचं एक कार्ड, विषयाप्रमाणे लावलेलं. मुलं खण उघडायची, बंद करायची आणि माझी पाठ वळली की गुपचूप मावशींना गाठायची.

मावशी म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या शिपाई. घोटीहून रोज सकाळच्या गाडीनं यायच्या. शिक्षण चौथी. पण कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, हे फडकं मारून मारून त्यांना पाठ झालेलं. मला त्याचा रागच यायचा. एकदा मी म्हणाले, "मावशी, मुलांना सवय लावू नका. बघू देत त्यांना कार्डं."

"कार्डावर काय लिवलंय ते तुमीच बघा, मॅडम. पोरगी इचारती शेळ्यांचं पुस्तक. शेळी हाय का तुमच्या खणात?"

नव्हती. 'पशुसंवर्धन' होतं. साप चावल्यावर काय करायचं ते 'विषशास्त्रा'त जाऊन बसलेलं.

"मंग शेळीचं बी एक कार्ड करा. त्याच्यावर लिवा, बाई, तू अमक्या खणात जा."

विषयाच्या रूढ शब्दाखाली 'अमुक पाहा' असं कार्ड करायचं असतं, यावर मी परीक्षेत दोन पानं लिहून मार्क मिळवले होते. कामावर आल्यावर मात्र ते एकदाही डोक्यात आलं नाही. त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मावशी मुलांच्या तोंडचे शब्द सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. मी बसून, त्या उभ्या. बसा म्हणायचं मला सुचलंच नाही. दोन खण भरले आणि मुलं आपापली पुस्तकं शोधायला लागली. प्राचार्य खूश झाले, त्यांनी आम्हा दोघींचा तालिकेपाशी फोटो काढून घेतला.

पुढे दोन हजारनंतर कॉलेज तपासायला समिती येणार होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं: प्रत्येक विभागानं कॉम्प्युटरवर पोर्टफोलिओ दाखवायचा. शिक्षण, केलेलं काम, अनुभवातून काय शिकलात, सगळं. माझी मुलगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली. पोटाशी कीबोर्ड धरून तिनं माझ्या स्लाइडी केल्या, सीडीवर उतरवल्या. तो फोटो स्कॅन करून आणला होता. त्याच्यावर मी मथळा सांगितला, 'वाचकांच्या शब्दांत तालिका : माझी संकल्पना'.

"आई, या कोण गं?"

"आमच्या मावशी. काप तिथून. गर्दी दिसते."

"दोघींची कसली गर्दी? आणि यांचा हात खणावर आहे. तो कापला तर खणही अर्धा जाईल."

"मग हात राहू दे. कोण बघतंय!"

शेवटच्या स्लाइडवर, काय शिकले त्यात, मी लिहायला लावलं, 'सहकाऱ्यांना सोबत घेऊन काम करणे'. हे लिहिताना मला हसूसुद्धा आलं नाही, इतकी मी शहाणी होते.

समिती आली. पडद्यावर माझा फोटो झळकला. एका हातात कार्ड उंच धरलेलं, दुसऱ्या हातानं चष्म्याची साखळी सावरलेली. आणि खाली, हिरव्या बांगड्या घातलेला एक हात खण ओढतोय.

समितीतले एक सर पुढे वाकले. "मॅडम, तुम्हाला तीन हात आहेत का हो?"

सगळे हसले. त्याच वेळी मावशी चहाचा ट्रे घेऊन दारातून आत आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक नाव सांगायचं होतं फक्त. मी काय बोलले?

"ग्रंथालयाच्या कामाला दोन हात पुरत नाहीत, सर!"

टाळ्या पडल्या. सरांनी काहीतरी लिहून घेतलं. मावशींनी ट्रे खाली ठेवला आणि एकेक कप पुढे केला, मलाही. हात तोच, बांगड्याही हिरव्याच. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कप घेताना मान वर केली नाही.

आठवडाभर मी स्वतःची समजूत घालत होते. मग मुलीकडून अख्खा फोटो घेतला, स्टुडिओतून छापून आणला. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना तो मावशींच्या हातात दिला. त्यांनी फडकं काखेत धरून निरखून पाहिला.

"सायबांनी बघितला का हा?"

"नाही. ते गेले ना."

"मंग मला कशाला दाखविता, मॅडम? मी व्हतेच की तिथं."

फोटो माझ्या टेबलावर ठेवून त्या खिडक्या लावायला लागल्या. मी खुर्ची पुढे ओढली. "मावशी, बसा ना जरा."

"आता?" त्यांनी शेवटची कडी लावली, पिशवी उचलली. "गाडी चुकंल माझी."