माळढोक पाहायला मी दमणी हाकली

माळावर माळढोक पाहिला, हे मी घरात सांगितलं आणि पस्तावले. शिंदखेड्याकडचं आमचं गाव, गावाला लागून मोठा माळ. गवत आणायला गेले तेव्हा दिसला. कमरेइतका उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा. सासरे म्हणाले, "मी पाहिला त्याला वीस वर्षं झाली. आता नाही राहिला तो इकडं." सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, शिवारातलं जाणतं माणूस ते. धाकटा दीर तर हसायचा थांबेना. "वहिनी, ते गिधाड व्हई," म्हणे. मग रोज जेवायला बसला की विचारायचा, "काय वहिनी, गिधाड बरं आहे ना?"

तुम्ही म्हणाल, एका पाखराचं एवढं काय घेऊन बसली. पण लग्नाला माझ्या तीनच वर्षं झालेली. तेव्हा माझा शब्द खोटा पडला असता, तर त्या घरात पुढं मला कशात कुणी विचारलं नसतं. म्हणून मी आबांनाच म्हटलं, "उद्या पहाटे चला, दाखवते."

आमचे हे जळगावला गेलेले. दीर म्हणाला, "गिधाडासाठी मी बैल जुंपायचा नाही."

"नका जुंपू, भाऊजी. मी जुंपते."

माहेरी बोदवडकडं आम्ही चौघी बहिणीच, तेव्हा वडिलांनी मला गाडी शिकवलेली. सासरी ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आमच्या गावात बाईनं कासरा धरलेला कुणी पाहिला नव्हता.

नुकताच पोळा झालेला, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला वाटावा असा. चांदण्या असतानाच दमणी, घरची हलकी बैलगाडी, काढली. आबा शेजारी, दीर मागं, गंमत पाहायला. फटफटताना माळावर पोचलो तर नुसतं गवत. दीर खोकायला लागला, म्हणजे हसत होता. तेवढ्यात घागरीत तोंड घालून कुणी हुंकार द्यावा तसा आवाज आला. आबांनी हात वर केला.

तो उभा होता, बाभळीच्या पलीकडं. मी आनंदानं बैल सरळ त्याच्याकडं घातले, तर त्यानं मान ताणली आणि चालायला लागला.

"मी उतरून बघतो," दीर म्हणाला.

"बस खाली," आबा म्हणाले. "पायी माणसाला तो लांबून ओळखतो, गाडीला भीत नाही. सूनबाई, अंगावर नको जाऊ. शेताला निघाल्यासारखी बाजूनं काढ."

मी बाजूनं काढली. त्याच्याकडं न बघता मोठा फेरा घेतला, मग त्या फेऱ्याच्या आतून दुसरा, मग तिसरा. डावा बैल तापट, त्याला आवरता आवरता माझे तळहात सोलले. पाखरू थांबलं. उजाडलं, तशी त्यानं मान फुगवली, छातीवर पांढरी पिशवी लोंबली, शेपूट पाठीवर पंख्यासारखं उघडलं. आणि पुन्हा तो हुंकार.

"हाऊ माळढोकच शे," दीर हळूच म्हणाला.

आबा पटका सारखा करून नीट बसले, पाहुण्यासमोर बसावं तसे. ऊन चढेपर्यंत आम्ही तिथंच.

परतताना वेशीपाशी दीरानं हात पुढं केला. "आण वहिनी, कासरा दे. लोक बघतील."

"बघू दे," आबा म्हणाले. "तिलाच हाकू दे."

मग मी भर गल्लीतून, डोक्यावरचा पदर सावरत, दमणी घरापर्यंत नेली. पारावरचे उठून उभे राहिले. आबा प्रत्येकाला सांगत होते, "माळढोक पाहून आलो. सुनेनं दाखवला."