सरावापुरता धीर

काल मैदानावर एका मुलीने पेनल्टीसाठी चेंडू ठेवला आणि वळून आपल्या प्रशिक्षकांकडे पाहिलं. कठड्यावर बसल्या बसल्या मी मान खाली घातली.

मी प्रशिक्षक होतो तेव्हा माझ्या संघातल्या सुहासनेही असंच माझ्याकडे पाहिलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सराव संपताना मी त्याला रोज पेनल्टी मारायला लावायचो, आणि दडपणाची सवय व्हावी म्हणून बाकीची पोरं माझ्याच सांगण्यावरून ओरडायची, "हा ढगात मारतोय बघा!" मी म्हणायचो, "घाबरू नको लेका, चुकलास तर मी आहे."

अंतिम सामन्यात पेनल्टी मारायला मीच त्याला पुढे धाडलं. चेंडू बाहेर गेला. मोठ्यांनी दिलेला धीर बहुधा सरावापुरताच असतो. सामन्यानंतर आमच्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "याला कुणी पाठवलं?"

"तोच हट्टाला पेटला," मी म्हणालो.

शेजारी सुहास बूट काढत होता. तो म्हणाला, "हो. सर नको म्हणत होते."