दिगूकाकांची खोडलेली ओळ

दिगूकाका गेल्याचा फोन त्यांच्या शेजारच्या मावशींनी, आमच्या खालांनी, केला. "मास्टरसाब गुजर गए बेटा... चाबी मेरे कने है, आको ले लेव." त्याला आता सहा आठवडे झाले. किल्ली आणायला मी रोज निघत होते आणि रोज काहीतरी काम काढून घरीच राहत होते.

ते माझे सख्खे काका नव्हेत. शाळामास्तर, आणि आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांचे जन्माचे प्रॉम्प्टर. पण नुसतं वाक्य पुरवतील तर ते दिगूकाका कसले! अडलेल्या नटाला ते विंगेतून आधी कारण सांगत. 'तुला तिचा राग नाही, स्वतःचा आलाय,' एवढं कुजबुजले की पुढचं वाक्य त्याला आपसूक आठवायचं.

हिमायतनगरच्या गच्च्यांवर डिश अँटेना दिसू लागल्या, त्या वर्षांत नामपल्लीत एका नव्या वाहिनीने कचेरी थाटली. त्यांना जुन्या हैदराबादी घरातली मालिका हवी होती. ती काका लिहू लागले आणि त्यांच्या पानांना शिस्त लावायला मला नेमलं. माझ्याकडे पटकथेच्या नियमांची झेरॉक्स होती, वय चोवीस, आणि मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली. पहिलाच नियम असा, की कॅमेऱ्याला दिसत नाही ते लिहायचं नाही. काकांच्या पानोपानी नेमकं तेच. एका प्रसंगात म्हातारा बाप मुलाला अमेरिकेच्या वाटेला लावून एकटाच घरी येतो. काकांनी लिहिलं होतं, 'तो कुलूप लावलेल्या दारावर दोनदा थाप मारतो. आत कोणी नाही हे त्याला माहीत आहे. थोडा थांबतो. मग कुलूप काढतो.' दुसरी ओळ मी लाल पेनाने खोडली.

"काका, हे पडद्यावर दिसणार कसं?"

"बघणाऱ्याला नाही दिसत, हौ, बराबर आहे तुझं. पण करणाऱ्याला कळायला नको का, बाई?"

"नियम आहे, काका."

शूटिंगच्या दिवशी नटाने कागदावर होतं तेवढंच वाचलं. थाप मारली, कुलूप बघून कपाळाला हात लावला आणि पदरचं वाक्य घातलं, "मैं भी कित्ता भुलक्कड हूँ!" सगळा सेट हसला. दिग्दर्शक खूश झाला. मीही हसले. आज लिहिताना लाज वाटते, पण हसले.

संध्याकाळी काका म्हणाले, "चल, घरी चहा घेऊ." काकू जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जिना चढून ते आपल्या कुलूप लावलेल्या दारापुढे उभे राहिले, दोनदा थाप मारली, थोडे थांबले... आणि मग खिशातून किल्ली काढली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो चहा मी कसा प्यायले, माझं मला ठाऊक. माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "साखर कमी पडली का गं?"

पुढचे सगळे भाग त्यांनी माझ्या नियमाप्रमाणे लिहिले. एकही ओळ खोडावी लागली नाही. पानं नीटनेटकी होती आणि त्यांत जीव नव्हता. मालिका लवकरच बंद पडली आणि काकांनी पुन्हा कधी काही लिहिलं नाही. हे माझ्यामुळे झालं. कुणी तसं म्हणालं नाही, म्हणून मीच सांगते. नियम खोटा नव्हता. आता मी पटकथा शिकवते तेव्हा मुलांना आधी तोच सांगते. मग सांगते, की लाल पेन उघडण्यापूर्वी लिहिणाऱ्याला एकदा विचारा, ही ओळ तुम्ही का लिहिलीत? मी विचारलं नव्हतं.

परवा शेवटी गेले. काकांच्या वह्या आणायच्या होत्या. खालांनी किल्ली दिली आणि त्या माझ्यामागून जिना चढून आल्या. कुलूप समोर होतं, किल्ली हातात होती. मी दारावर दोनदा थाप मारली.

"अंदर कोई नै, बेटा," खाला हळूच म्हणाल्या.

"मालूम है, खाला."

थोडी थांबले. मग कुलूप काढलं.