कोठारावरचा पहारा

आमच्या शहरातल्या सरकारी बागेतले निजामाच्या फौजेचे दारूगोळ्याचे जुने कोठार गेल्या उन्हाळ्यात पाडण्यात आले. त्याच्याविषयी शहरात जेवढ्या दंतकथा आहेत, त्या सगळ्या आमच्या घरमालकांनी रचलेल्या. इतके मनापासून खोटे बोलणारा सज्जन मी दुसरा पाहिला नाही.

शहागंजात त्यांचे स्टोव्ह दुरुस्तीचे दुकान. सगळे त्यांना मामू म्हणत. दर शुक्रवारी नमाजनंतर इस्त्रीची शेरवानी घालून ते बागेत जात. कोठाराचे दार कधीच चोरीला गेले होते. उरलेल्या चौकटीसमोर ते ताठ उभे राहत आणि भेटेल त्याला त्याच्या मापाची गोष्ट सांगत. शाळेच्या पोरांना दौलताबादपर्यंतचे भुयार, जोडप्यांना मुंडके नसलेला गोरा कप्तान. भिंतीच्या आडोशाला लघवीला बसलेल्या एकाला त्यांनी मागून शांतपणे सांगितले, "मियाँ, नीचे बारूद है. गीली हुई तो फटती." तो गृहस्थ नाडी हातात धरून फाटकापर्यंत पळाला.

"मामू, खरे काय घडले?" मी एकदा विचारले.

"खरं लई बारीक हाय, साब."

मामूंचे वडील तिथले शेवटचे पहारेकरी. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शनच्या वेळी निजामाचे अफसर निघून गेले, वडील दारावर उभे राहिले. पहारा बदलायला कोणी आले नाही, ताबा घ्यायलाही नाही. शेवटी कुलूप लावून ते घरी आले. ती किल्ली मामूंनी मला घराच्या दारामागच्या खिळ्यावर दाखवली.

"गोळी नाय, लढाई नाय. ये सुनने कू कौन ठैरता?"

कोठार पाडून झोपाळे बसवायचे ठरले, तेव्हा मामूंनी नवी गोष्ट काढली: आत निजामाचे सोने पुरले आहे. खजिन्याची जागा सरकार मोडत नाही, तिथे पहारा बसवते, असा त्यांचा हिशेब. पहिला ऐकणारा पाचोड गावाहून आलेला होता.

"लई असंल का, चाचा?"

"हौ, लई."

आठवड्याभरात कोठाराची जमीन कुदळींनी उकरली गेली. पाया उघडा पडला, भिंत कलली, 'धोकादायक' अशी पाटी लागली. एरवी झोपाळ्यांचे काम लांबणीवर पडले असते; आता कोठार पाडायची घाई झाली.

पाडायच्या दिवशी मामू शेरवानीतच आले. यंत्रासमोर उभे राहून त्यांनी मुकादमाला वडिलांची खरी गोष्ट सांगितली. मुकादमाने ती शेवटपर्यंत ऐकली.

"चाचा, हिच्यात दम नाय. त्या बिनमुंडक्याची सांगा की!"

मजूर हसले. मामू बाजूला झाले आणि त्यांनी ती सांगितली, हातवाऱ्यांसकट. ती संपायच्या आत भिंत पडली.

तिथे आता झोपाळे आहेत. मामू शुक्रवारी नमाजनंतर सरळ घरी येतात. किल्ली दारामागच्या खिळ्यावर आहे. काल त्यांनी तिला तेल लावले.