नेटाला ड्रायव्हर पाहिजे

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफी असावी. अक्षरही वाचणाऱ्याला त्रास देणारं आहे. चौथीत आमच्या बाई म्हणायच्या, "शांते, तुझी ओळ डोंगर चढायला निघते आणि मधेच विचार करत बसते." चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळं ती ओळ अजून तिथंच बसली आहे. हे कुणी वाचणार नाहीच, तरी माफी मागून ठेवलेली बरी. (चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, म्हणून लिहिते. कागदाला निदान मान वर करून बघता येत नाही.)

तर आमच्या घरचं नेट झोपाळू होतं.

आमचं घर तासगावच्या अलीकडं, द्राक्षाच्या मळ्यात. घरात आमचे हे, मी आणि सून पल्लवी. मुलगा मिलिटरीत, लांब बर्फात. पल्लवी सांगलीची, शिकलेली. पुण्याच्या कंपनीचं काम ती घराच्या पुढच्या सोप्यात बसून लॅपटॉपवर करते. त्या लॅपटॉपमध्ये लिनक्स आहे. मला आधी ते खोकल्याचं औषध वाटलं होतं. लॅपटॉपच्या पाठीवर एका गुबगुबीत पक्ष्याचं चित्र चिकटवलंय. पांढरं पोट, काळा कोट. सौदा मोडून निघालेल्या बेदाण्याच्या व्यापाऱ्यासारखा तो उभा असतो.

एक दिवस पल्लवी आतून ओरडली, "आई, नेट गेलं!"

मी हातातलं पीठ तसंच घेऊन मागच्या दारानं बेदाण्याच्या शेडकडं पळाले. शेडला चारी बाजूंनी हिरवं नेट लावलेलं असतं. वारा लय होता त्या दिवशी. मी शेडला फेरी मारली, प्रत्येक गाठ चाचपली आणि धापा टाकत परत आले.

"न्हाई गं, जागेवर हाय."

"काय जागेवर आहे?"

"नेट."

पल्लवी माझ्या पिठाच्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला आणि कोपऱ्यातलं एक चित्र दाखवलं. विहिरीत खडा टाकल्यावर पाण्यावर गोल उठतात ना, त्यांचा वरचा भाग तेवढा कापून ठेवावा, तसं. ते गोल भरलेले असले की नेट आहे, विरले की गेलं. मला ते चित्र फार आवडलं. नंतर मी कितीदा तरी भाजी निवडायला मुद्दाम तिच्या मागं बसायची, ते गोल उठताना आणि विरताना बघत.

पण पल्लवीच्या कामाला ते बाधायला लागलं. अपडेट केल्यापासून हे झालंय, असं ती म्हणायची. मीटिंग चालू असली की पुण्याची माणसं अर्ध्या शब्दावर थिजायची. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात नाकाजवळ. "पल्लवी, तुझं काम छान चा—" एवढंच यायचं. छान चाललंय की छान चाललं नाही, ते कळायचं नाही. उरलेले शब्द कुठं जात असतील याचा मी विचार करत बसायची. पुण्याहून निघाले तर आहेत, घरात तर पोचले नाहीत, म्हणजे वाटेत मळ्यातच सांडत असणार. वेलीवर घडांच्या मधे लटकत असतील. संध्याकाळी बुलबुल येऊन खात असतील. आमच्या मळ्यातले बुलबुल त्या हंगामात फार बडबड करत होते, हेही खरं.

आमच्या ह्यांनी जेवताना आपला सल्ला दिला. हे दिवसातून मोजकंच बोलतात.

"तार ढिली आसंल."

"बाबा, ते बिनतारी आहे," पल्लवी म्हणाली.

हे हात धुऊन मळ्यात गेले, पाणी सोडून आले, दिवेलागणीला पायरीवर टेकले आणि म्हणाले, "मग ताणायचं काय?"

पल्लवीनं मात्र धीर सोडला नाही. नेटची पेटी कपाटावरून खाली घेतली, खालून परत वर ठेवली. मग पाटीसारखा काळा पडदा उघडला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं. एकाखाली एक ओळी आपोआप उमटायला लागल्या.

"हे काय गं?"

"मी त्याला हाका मारतेय, आई. हाकेला ओ आली की एक ओळ उमटते. मधे मधे ओ येत नाही, ते बघायचंय. तुम्ही जरा लक्ष ठेवा, मी आंघोळ करून येते. ओळी थांबल्या की मला सांगा."

एवढं मोठं काम मला कुणी कधी दिलं नव्हतं. मी पदर खोचून समोर बसले. हाक, ओ. हाक, ओ. आमच्या माहेरी मेढ्याकडं डोंगराच्या या अंगाला उभं राहून गुराख्यानं हाक मारली की पलीकडच्या अंगानं ओ यायची. धुकं असलं की माणूस दिसायचं नाही, नुसती ओ दिसायची. म्हणजे ऐकू यायची, पण मला दिसल्यासारखीच वाटायची. पावसात तिकडं गवताला एक वास असतो...

"आई, गेलं होतं का मधे?"

पल्लवी ओल्या केसांनी पुढ्यात उभी. पडद्यावरच्या ओळी कधीच्या थांबलेल्या.

"नेटाचं काय ठावं न्हाई बाई," मी म्हणाले. "मीच गेले होते मधे."

त्यानंतर मला लक्ष ठेवायला कुणी सांगितलं नाही.

एका शनिवारी तिच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. मॅडम चांगल्या होत्या, पण म्हणाल्या, सोमवारच्या मीटिंगला नेट धड राहिलं नाही, तर तुला पुण्याला येऊन राहावं लागेल. ऑफिसजवळ खोली मिळेल. पल्लवी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मी तेव्हा वाटाणे सोलत होते. ती पुण्याला गेली तर या घरात काय उरणार, ते मी बघायला लागले. एक मी, एक हे, एक घड्याळ. त्यात घड्याळच काय ते बोलणार. तिला "जाऊ नको" म्हणावं असं फार वाटलं. पण सुनेला नोकरी सोडून घरात बस असं कसं म्हणायचं? आणि नुसतं "तू मला लागतेस" असं म्हणायला जीभ कुठून आणायची? मी वाटाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात टाकून भाजी फोडणीला टाकली. (पल्लवीनं काही न बोलता खाल्ली.)

दुपारी ती अंगणात फिरत तिच्या मिरजेच्या मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. ही मैत्रीण तिथल्या एका दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळते. मी चोरून ऐकत नव्हते. वाळवण आत घेत होते आणि कान बरोबरच होते.

"सगळं करून बघितलं गं," पल्लवी म्हणत होती. "प्रश्न ड्रायव्हरचा आहे. जुना ड्रायव्हर चालत नाही. चांगला ड्रायव्हर मिळाला ना, तर मला पुण्याला जायलाच नको. पण सोमवारच्या आत मिळाला पाहिजे."

माझ्या हातातली चाळण थांबली.

ड्रायव्हर! एवढ्यावर अडलं होतं होय? आमच्या दारात मुलाची गाडी कापड घालून उभी. आमचे हे ट्रॅक्टरशिवाय काही चालवत नाहीत, पल्लवीला गर्दीत भीती वाटते. म्हणजे पोरगी रोज गाडीनं सांगलीला माहेरी जाणार, तिथल्या नेटवर काम करणार आणि संध्याकाळी घरी येणार. केवढी शहाणी माझी सून. आणि जुना ड्रायव्हर म्हणजे शेजारचा बाळू. तो चालत नाही हे तर खरंच होतं. तो गाडी रस्ता सोडून कालव्याकडं घेऊन जातो.

मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अडचणीवरचा उपाय माहीत होता. मी आत जाऊन मेढ्याला दादाला फोन लावला. माझा थोरला भाऊ मिलिटरीत ट्रक चालवून पेन्शनीत आलेला. बर्फात, वाळूत, पुलावर, पूल नसेल तिथं, सगळीकडं त्यानं ट्रक घातलाय.

"दादा, ड्रायव्हर पायजे."

"कवा?"

"सोमवारच्या आत."

"निघालो," दादा म्हणाला आणि फोन ठेवला. का, कशाला, हे त्यानं विचारलं नाही. मिलिटरीत विचारत नाहीत.

रविवारी सकाळी तो एस.टी.तून उतरला. पँटला कडक इस्त्री, हातात लोखंडी ट्रंक, दाढी गुळगुळीत. पल्लवी लॅपटॉपपुढं डोकं धरून बसली होती. दादा तिच्यापुढं ताठ उभा राहिला.

"ड्रायव्हर हाजर हाय, सूनबाई. वाहन कुठलं?"

पल्लवीनं वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी मोठ्या अभिमानानं मान डोलावली.

"मामा, बसा ना," ती म्हणाली. "कसलं वाहन?"

"शांता म्हनली, ड्रायव्हरबिगर तुझं अडलंय. चांगला पायजे म्हनलीस. आता चांगला का वाईट ते तू चालवून बघ, पन अजून कुठं ठोकलेली न्हाई."

पल्लवीनं ओढणी तोंडाला लावली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, आनंदानं रडतेय. मलाही भरून आलं.

मग तिनं समजावून सांगितलं. लॅपटॉपच्या आत नेट पकडणारी एक चकती असते. तिला चालवायला एक लिखाण लागतं, त्या लिखाणाला ड्रायव्हर म्हणतात. अपडेटनं सगळं नवं झालं, ड्रायव्हर जुनाच राहिला, म्हणून ती चकती मधेच पेंगते.

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मेढ्याहून माणूस आणला, तोही ट्रंकेसकट. आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "म्हंजे आतला ड्रायव्हर झोपलाय." एवढं बोलून त्यांचा दिवसाचा साठा संपला.

दादा मात्र हलला नाही. "मग त्यो नवा ड्रायव्हर कुठं मिळतुय?"

"नेटवरनं उतरवायचा असतो, मामा. पण उतरवता उतरवता नेट जातं. फोनवरून घेतला, तर तो म्हणतो माझ्याआधी अजून एक पाहिजे, त्या एकाला अजून एक. मिरजेची मैत्रीण म्हणते, लॅपटॉप घेऊन ये, मी बसवून देते. पण रविवारी एस.टी.नं मशीन सांभाळत..."

"मिरज?" दादा उठला. त्यानं गाडीवरचं कापड ओढून काढलं, बॉनेट उघडलं, तेल बघितलं, चाकांना एकेक लाथ घातली आणि हाक मारली, "चला. ड्रायव्हर ड्रायव्हरला आनायला निघाला!"

मीही मागं बसले. लॅपटॉप दुपट्यात गुंडाळून मांडीवर दिला होता. दादा गाडी अशी चालवत होता की खड्डेच आपण होऊन बाजूला होत होते. दोन्हीकडं वेली, घड कागदात झाकलेले, ऊन पिवळं धमक. मांडीवर ती मशीन गरम लागत होती, तान्ह्या बाळासारखी. मिरज लांब असावी आणि येऊच नये, असं वाटत होतं. पल्लवी पुढं बसून दादाला काहीतरी सांगत हसत होती. हे हसणं सोमवारनंतर पुण्याला जाईल का, एवढंच मला कळत नव्हतं आणि ते विचारायला तोंड उघडत नव्हतं.

मिरजेत मैत्रिणीनं काळा पडदा उघडला, भराभर लिहिलं, दोनदा मशीन बंद-चालू केली. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पाण्यावरचे गोल भरून आले.

"बसला," ती म्हणाली.

"कुठं?" दादानं वाकून बघितलं. "दिसना."

सोमवारी सकाळी पल्लवी सोप्यात मीटिंगला बसली. आत स्वयंपाकघरात मी पोहे परतत होते आणि दादा ट्रंकेला कुलूप लावत होता. मधलं दार उघडंच.

"शांते, निघतो आता. ड्रायव्हर मिळाला न्हवं तिला?"

आणि काय झालं कुणास ठाऊक. भाऊ निघाला म्हणून असेल, कांद्यानं डोळे भरले होते म्हणून असेल. माझं तोंड उघडलं आणि मिटेना.

"रहा की रं दादा. पल्लवी पुन्याला गेली तर मी बोलू कुनाशी? तुजे दाजी दिसाला दोन शब्द बोलत्यात, त्यातला एक 'चा' आनि दुसरा 'दे'. ती हाय म्हनून घराला घर म्हनायचं. तिच्या मॅडमला म्हनावं, तुमाला शंभर पल्लव्या मिळतील, मला कुठनं दुसरी मिळायची? पन माजं कोन ऐकतंय?"

सोप्यात एकदम गप्प झालं. मी हळूच दारातून डोकावले. पल्लवी मागं वळून माझ्याकडं बघत होती, डोळे भरलेले. पडद्यावर चौकोनाचौकोनात माणसं, सगळी थिजलेली. मला हायसं वाटलं. नेट गेलंय, म्हणजे कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात एका चौकोनातल्या बाई हलल्या.

"पल्लवी, आवाज एकदम स्वच्छ येतोय," मॅडम म्हणाल्या. "सासूबाईंचासुद्धा. नेट असंच राहिलं तर तू तिथंच राहा. आम्ही बाकीच्या नव्याण्णव शोधतो."

सगळे चौकोन हसायला लागले. मी पळाले. पोहे खाली लागले होते.

महिनाभर ज्या नेटानं पुण्याचं एक वाक्य धड आणून दिलं नव्हतं, त्यानं माझं बोलणं एक अक्षर न सांडता तिकडं नेऊन पोचवलं. बुलबुलांनासुद्धा काही ठेवलं नाही. पल्लवी इथंच आहे. मीटिंग सुरू झाली की ती आधी उठून स्वयंपाकघराचं दार लावते आणि मगच बोलायला बसते. मी लाजाळू आहे असं ती ऑफिसात पुष्कळदा सांगते म्हणे. पण पुण्यात ते अजून कुणाला पटलेलं नाही.