ओळखणाऱ्याचं नाव

“सागाचा न्हाई त्यो. करडईचा मावा हाय. पण मी कशाला सांगू? इंग्रजीवाल्या हायत त्या, हसतील.”

प्रयोगशाळेच्या दाराबाहेर मावशी वॉचमनकाकांशी बोलत होत्या. मी आत सूक्ष्मदर्शकावर वाकलेली होते. ऐकू आलं नाही असं दाखवायला मी उगाच भिंग फिरवलं.

कीटक मीच आणला होता. इस्लापूरच्या जंगलात सागाच्या फांदीखाली पांढरं कापड धरलं, काठीनं फांदी झोडपली, तेव्हा तो पडला. तिळाएवढा, काळा, पंखांचा. पाठीमागच्या दोन बारीक नळ्यांवरून मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी कीड, एवढं कळलं. पण कुठला? सागावर मिळाला म्हणजे सागाचाच, असं धरून मी दोन दिवस सागाच्या किडींची यादी चाळत होते.

मावशी मुरूडकडच्या शेतकरी घरातल्या. आमची काचेची भांडी धुवायच्या; माझ्या टेबलावरचा कीटक त्यांनी तेव्हाच पाहिला असणार. बाहेर त्यांचं बोलणं चालूच होतं. पिकावर दाटी झाली की माव्याला पंख फुटतात, मग वारा नेईल तिकडं जातो; फांदीवर बसला म्हणून काय तिथलाच होतो?

बाहेर जाऊन विचारायला चार पावलं पुरली असती. पण त्यांच्या बोलीतलं उत्तर मला नीट समजेल का, समजलं नाही तर किती ओशाळं वाटेल, या भीतीनं मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गुपचूप विष्णुपुरीच्या बाजूच्या शेतातून करडईचा एक शेंडा आणला. त्यावर पंखांचे दोन मावे होते. शेजारी ठेवून पाहिले. तेच.

सरांना दोन्ही दाखवले आणि हा वाऱ्यानं सागावर आला असणार म्हटलं. सर खूश झाले. “वाऱ्याचा विचार केलास. पुस्तक वाचून हे सुचत नाही,” म्हणाले. मी मान डोलावली. त्या वेळी मावशी मोरीपाशी काचपट्ट्या धूत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. नळ मात्र बंद केला.

संग्रहातल्या प्रत्येक कीटकाच्या चिठ्ठीवर दोन नावं असतात, गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं. पहिल्या ओळीत सरांनी माझं नाव लिहिलं. पेन दुसऱ्या ओळीवर आलं. मला कळलं, दोन वर्षांत मी या बाईंना ‘मावशी’ अशी हाक मारण्यापलीकडे काही विचारलंच नव्हतं.

“सर, तिथं माझं नाव नको. हे मावशींनी ओळखलंय, मी चोरून ऐकलं.” मग मी मोरीकडे वळून म्हणाले, “मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?”