पेन्सिलीनं आखलेलं भविष्य

देवदानकाकांच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा. समोरच्या भिंतीवर, जिथं इतरांच्या घरी टीव्ही असतो, तिथं एक धिप्पाड पुतळा उभा होता. कागदावर काढलेला, पण माणसाच्या उंचीचा. डोकं सोन्याचं, छाती रुप्याची, पोट पितळेचं, पाय लोखंडाचे आणि पावलं अर्धी लोखंडाची, अर्धी मातीची. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्यानं एका राजाला त्याच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, त्या स्वप्नातला हा पुतळा. एकेक धातू म्हणजे एकेक साम्राज्य. काका पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे तो सगळा प्रकार धरणाच्या नकाशासारखा दिसायचा. मापं, बाण, आणि वर कोपऱ्यात उत्तर दिशासुद्धा. स्वप्नाला कसली आलीय उत्तर दिशा, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, सवय गं, दिशा टाकल्याशिवाय साहेब सही करत नाहीत.

पुतळ्याच्या बाजूनं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. जे भाकीत पूर्ण झालं ते शाईनं, जे व्हायचंय ते पेन्सिलीनं. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पावलांच्या खाली आजच्या देशांचा नकाशा, तो सगळा पेन्सिलीचा, आणि तिथला कागद खोडून खोडून विरलेला. जगात कुठं काही खुट्ट झालं की काका पेपर घेऊन तिथं बसायचे, कोणतं सैन्य कुठं चालून येणार याचे बाण काढायचे, महिन्याभरानं खोडायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे शास्त्राभ्यास असायचा. येणारे चारपाच जण. कोणी फार जोरात बोलायला लागलं की काका हात वर करायचे आणि म्हणायचे, "पेन्सिलीनं, पेन्सिलीनं."

त्यामागची गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. त्यांचं मूळ गाव देवळ्याच्या बाजूला. वडिलांच्या काळात तिथं एक फिरता प्रचारक आला आणि त्यानं प्रभू परत येण्याची तारीखच सांगून टाकली. गावातल्या ख्रिस्ती घरांनी त्या वर्षी रब्बी पेरलीच नाही. कापणीला आपण इथं असणारच नाही, तर पेरायचं कशाला? पांढरे कपडे घालून सगळे टेकडीवर जाऊन बसले. काका सांगायचे, "प्रभू आला नाही, उन्हाळा आला. आमच्या आईनं शेजारणीकडून ज्वारी मागून आणली. शास्त्र खोटं नव्हतं गं. त्या माणसानं शाई घाई‌नं वापरली."

मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत आमची घरं. मी शाळेत शिकवते, चर्चमध्ये पेटी वाजवते आणि उरलेल्या वेळात काळजी करते. यात मी कोणाला हार जाणार नाही. मुलाची बस उशिरा आली की माझ्या डोळ्यांपुढे अपघात उभा. साधा खोकला झाला की मी मनातल्या मनात मोठ्या हॉस्पिटलात पोचलेली. अशा वेळी मी काकांच्या दारात उभी राहून धापा टाकत बोलत सुटायचे. ते कधी म्हणाले नाहीत की घाबरू नकोस. पायरीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "घाबर. पण बसून घाबर. उभ्यानं घाबरलं की माणूस पळतो, आणि पळायला जागा कुठं असते?" मग आत जाऊन चहा टाकायचे. चहा येईपर्यंत बस आलेली असायची, बहुतेक वेळा.

रोज सकाळी सहाला त्यांची प्रभातभक्ती फोनवर असायची. कोरोनात चर्चला कुलूप लागलं तेव्हा सुरू केली आणि कुलूप निघालं तरी चालूच ठेवली. आधी हजेरी. पहिलं नाव त्यांचं स्वतःचं. "देवदान. हजर." मग ठरलेल्या क्रमानं एकेक घर. दुसरा नंबर चांदवडच्या विल्यमभाऊंचा, कांद्याचा टेम्पो चालवतात ते, मागे गाडीची घरघर. तिसरी मी. मग एक गीत, एक छोटं वचन, एक प्रार्थना. कोणाच्या कुकरची शिट्टी, कोणाचा कोंबडा, सगळं त्यात. मी एकदा म्हटलं, काका, हजेरी कशाला, ही काय शाळा आहे? त्यांनी सांगितलं की उद्याचं काय व्हायचं ते भिंतीवर पेन्सिलीनं आहे, पण आज कोण कोण उठलं एवढं तरी रोज पक्कं कळायला हवं. खरं सांगते, त्या हजेरीनं मला जेवढा धीर दिला तेवढा कुठल्याच उपदेशानं दिला नाही.

काकू गेल्यावर घरात काका आणि त्यांची एकुलती एक रूथ. ती नर्सिंग शिकली आणि इस्राएलला गेली, हैफा शहरात, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला. काकांना एवढं दुःख आणि एवढा आनंद एकाच वेळी झालेला मी कधी पाहिला नव्हता. हैफा कर्मेल डोंगरावर वसलेलं. एलिया संदेष्ट्याचा कर्मेल. पोरगी शास्त्रातल्या गावात भाजी आणते, हे ते रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचे. तिच्याकडून त्यांनी डोंगराचा फोटो मागवला. तिनं बाल्कनीतून काढून पाठवला, तर पुढे दोरीवर म्हातारीचे गाऊन वाळत घातलेले आणि मागे कुठंतरी इवलासा डोंगर. काकांनी तो मोठा करून पुतळ्याशेजारी लावला. तीही रोज भक्तीला असायची, तिथं पहाट व्हायच्या आधी, झोपेच्या आवाजात. "रूथ. हजर, पप्पा."

मग तिकडे युद्ध भडकलं. एका शुक्रवारी संध्याकाळी तिचा मेसेज आला की भोंगा वाजतोय, खाली जातोय, नंतर बोलते. ते नंतर काही येईना. शनिवारी सकाळी हजेरीत तिचं नाव आलं, आणि काका थांबले. सगळे थांबले. कुकरसुद्धा वाजला नाही. मग त्यांनी हळूच पुढचं नाव घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी शास्त्राभ्यासाला माणूस मावेना. चपला थेट फाटकापर्यंत. एरवी वर्षातून दोनदा चर्चला दिसणारे लोकही बायबल काखेत मारून आलेले. सगळ्यांना एकच विचारायचं होतं, भाकितातली शेवटची वेळ ती हीच का? डोळे चमकत होते सगळ्यांचे. मला ते बघवेना. मी कालपासून दर मिनिटाला फोन बघत होते, आणि इथं जत्रेला आल्यासारखी माणसं. विल्यमभाऊ माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी तेही भरात होते. त्यांनी काकांचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाले, "काका, तुमी लय नशीबवान. आमी नुस्तं वाचतो, तुमची पोरगी बराबर त्या जागेवर हाय."

खोलीतून दोघातिघांचं आमेन आलं. असं अभिनंदन आमच्याच लोकांना सुचू जाणे. काकांनी हात सोडवून घेतला नाही, पण त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. कोणीतरी मागून म्हणालं की आता तरी शाईनं काढा. काका पुतळ्याच्या पायाशी गेले. तिथं त्यांनीच गेल्या महिन्यात काढलेला एक लांब बाण होता, उत्तरेकडून येणारा, आणि त्याचं टोक नेमकं समुद्राकाठी, कर्मेलपाशी टेकलेलं. त्यांनी पेन्सिल उचलली. ती त्यांच्या हातून दोनदा खाली पडली.

मी गीतांसाठी कोपऱ्यात पेटी घेऊन बसले होते, तिथून उठले. त्यांना धरून खुर्चीकडे नेलं आणि म्हटलं, "काका, बसा. बसून घाबरा."

ते बसले. बाहेर कोणाची तरी गाडी चालू होऊन बंद झाली. मग खिशातलं खोडरबर काढून त्यांनी माझ्याकडे दिलं आणि तो बाण पुसायला सांगितला. मी पुसला. खोलीत कुजबुज सुरू झाली. काकांनी हात वर केला.

"शास्त्र खोटं नाही, मंडळी. देव उद्याचा धनी आहे यावर माझा विश्वास काल होता तेवढाच आज आहे. पण जिथं माझं लेकरू आहे तिथं बाण टेकवायला माझा हात धजत नाही. आणि कालपासून मी हाच विचार करतोय, की इतकी वर्षं मी बाण काढले, ते कोणाकोणाच्या लेकरांवर काढले?"

विल्यमभाऊंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. कोणीतरी तुतारीचं, शेवटच्या दिवसाचं गीत सुचवलं होतं, ते तसंच राहिलं. काकांनी मला मेंढपाळाचं गीत वाजवायला सांगितलं, रूथ लहानपणी झोपताना म्हणायची ते. आमची पेटी भात्याशी फाटलेली, एक सूर सोडून दुसराच लागतो. काका म्हणत होते, मध्येच थांबत होते, आणि मग ते जत्रेला आलेले लोक त्यांच्यासाठी ओळ पुढे नेत होते.

रविवारी सकाळी सहाला मी फोन कानाला लावला तेव्हा मला वाटत होतं, आज भक्ती नसेलच. पण काकांनी सुरुवात केली. "देवदान. हजर." विल्यमभाऊ. मी. माझा आवाज चिरका निघाला. एकेक नाव पुढे जात होतं आणि तिचं नाव जवळ येत होतं. मला तर फोन फेकून पळून जावंसं वाटत होतं. तिचं नाव यायच्या आधीच मध्ये कोणीतरी जोडलं गेल्याचा आवाज झाला, आणि खरखरीतून ऐकू आलं, "रूथ. हजर."

म्हातारीला जिने चढता-उतरता येत नाहीत. भोंगा झाल्यावर ही तिला कशीबशी उचलून तळघरात घेऊन गेली होती, फोन वर राहिला, आणि मग तिथले लोक वर जाऊ देईनात. एवढंच. एवढ्यासाठी आम्ही अर्धमेले झालो होतो. काका रडले असतील तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "बरं. पुढे?" भक्ती संपल्यावर मी धावत शेजारी गेले तर ते शाईचं पेन घेऊन पुतळ्याच्या पायाशी उभे होते. बाण पुसलेल्या जागी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, रूथ आज बोलली. शाईनं, कारण ते घडलेलं होतं.

पण काळजी काही संपली नाही. परत येण्यासाठी विमानं सुटत होती आणि ही पोरगी यायला तयार नव्हती. म्हातारीला दुसरं कोणी नाही, म्हणाली. काका फोनवर भांडले, विनवण्या केल्या, एकदा तर अबोला धरला, तो दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपर्यंत टिकला. शेवटी माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, नाव मीच ठेवलं ना तिचं. बायबलातली रूथ म्हाताऱ्या सासूला सोडून जायला तयार झाली नव्हती, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा महागात पडलं. त्यानंतर रोज सकाळी तिचा आवाज आला की ते त्या विरलेल्या कागदावर शाईचा एक ठिपका द्यायचे. नवा बाण मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. शनिवारी शिकवायचे, दानीएल, प्रकटीकरण, सगळं पूर्वीसारखं. फक्त शेवटी ज्या देशाचं नाव निघालं असेल तिथल्या लोकांसाठी प्रार्थना करायला लावायचे, मग तो देश नकाशाच्या कुठल्याही बाजूचा असो. काही जणांना ते आवडलं नाही, ते यायचे बंद झाले.

म्हातारी तिच्या स्वतःच्या पलंगावर, झोपेत गेली. रूथ घरी आली तेव्हा मी दारातच होते. काका उभे राहून तिच्याकडे नुसते बघत राहिले, मग तिला म्हणाले, बस आधी. आणि स्वतःच पायरीवर बसले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दफन झालं, माणसं गेली, रूथ आणि मी उष्टी भांडी घासली. दुसऱ्या दिवशी भक्ती घ्यायची की नाही, हे विचारायचं आमच्या दोघींच्याही जिभेवर आलं नाही. सकाळी मी त्यांच्या पायरीवर येऊन बसले. आत रूथनं सहाला सगळ्यांना जोडून घेतलं. आणि मग शांतता. पहिलं नाव कोणी घ्यायचं? फोनमध्ये सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. आता हे असंच संपणार, उद्यापासून कोण उठलं कोण नाही हे कोणालाच कळणार नाही, असं काहीबाही मनात यायला लागलं.

तेवढ्यात टेम्पोची घरघर आली.

"काका पुढं गेलं," विल्यमभाऊ म्हणाले. "विल्यम. हजर हाय."

तिसरा नंबर माझा होता. मी बसूनच होते. म्हटलं, "निर्मला. हजर."